बसलेला आवाज

"कोंबडी रडत नाही गं पोरींनो. तिला काय होतंय ते ती श्वासात सांगते. आता गप्प उभ्या राहा."

आईचा हा आवाज धाकटीच्या कानात साठ वर्षं जसाच्या तसा होता. दिवस कलला, कोंबड्या खुराड्यात शिरल्या, की आई दोन्ही लेकींना घेऊन मागच्या अंगणात जायची. दिवा नाही, बोलणं नाही. कोंबड्या दांडीवर अंग सैल सोडून बसल्या, पंखांची सळसळ थांबली, की मग खरं ऐकू यायचं. निरोगी कोंबडीच्या श्वासाला आवाज नसतो. ज्या श्वासाला आवाज आहे, त्या श्वासाला दुखणं आहे. आई हलक्या सुरात म्हणायची,

दिस मावळला गं, पाखरं दांडीवरी,
कान दे माझ्या बाई, कोण कण्हे अंधारी.

आणि थांबायची. थोरलीला कधी काही ऐकू यायचं नाही. ती झोपाळू, उभ्या उभ्या डुलायची. सहा वर्षांची धाकटी मात्र आईचा पदर ओढायची. "आई, तिकडून तिसरी. टिक् टिक् करतेय." आई हात घालून नेमकी तिसरी बाहेर काढायची, पदराच्या टोकानं तिचं नाक पुसायची आणि तिला टोपलीखाली वेगळी ठेवायची. "थोरलीचे हात, धाकटीचे कान," आई आल्यागेल्याला सांगायची, "दोन पोरींत मिळून मला एक पक्कं माणूस झालंय."

त्या कानांवर धाकटीनं पुढं आयुष्य काढलं. तेहेतीस वर्षं ती टेलिफोनच्या बोर्डावर बसली. माणूस नुसता 'हॅलो' म्हणाला तरी तो कोण, घाईत आहे की रडून आलाय, हे तिला कळायचं. कुठली तार कुठं सडलीय हे ती खरखरीवरून सांगायची आणि लाइनमन खांबावर चढून बघायचे तर ते तस्संच असायचं. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "दिवसभर दुसऱ्यांचे संसार ऐकते, तेवढे पुरे झाले."

आणि गेल्या वर्षी ते कान गेले.

एकदम नाही गेले. आधी चिमण्या गेल्या. तिला वाटलं, कोपऱ्यावरचं झाड तोडलं, उडून गेल्या असतील बिचाऱ्या. मग कुकरची शिट्टी गेली, दाराची घंटा गेली. मग शब्दांच्या कडा झिजायला लागल्या. 'स' आणि 'च' आणि 'त' गळून पडायचे, मागं उरायचा नुसता सूर, दात पडलेल्या तोंडासारखा. धाकटी ओठ वाचायला शिकली. योग्य वेळी हसायला, मान डोलवायला शिकली. डॉक्टरकडे गेली नाही. कागदावर लिहिलं गेलं की ते खरं होऊन बसतं. आणि सांगणार तरी कोणाला? कान नसलेली धाकटी म्हणजे कोण, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

अशात अक्का ओल्या फरशीवरून घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

अक्का म्हणजे तीच थोरली, उभ्या उभ्या डुलणारी. चाळीस वर्षं पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिवणीवर होती. हात रुंद, बोटं खळीनं कडक झालेली, आणि आवाज पुठ्ठ्यासारखा जाडाभरडा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मागच्या अंगणात सात कोंबड्या आणि एक कोंबडा. कारखान्यातलं मोडीत निघालेलं पुस्तकांचं कपाट आणून तिनं स्वतःच्या हातानं त्याचं खुराडं केलं होतं. फळ्या काढून झाडूचे दांडे बसवले, दारांना जाळी मारली. जिथं पूर्वी शब्दकोश असायचे, तिथं आता भुरी, ठिपकी, तांबडी, काजळी, चिंधी आणि सदानकदा एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या जाऊबाई आणि नणंदबाई ओळीनं बसायच्या. कोंबड्याला ती 'साहेब' म्हणायची, कारण तो काम काही करायचा नाही आणि ओरडायचा मात्र सगळ्यांच्या आधी.

ऑपरेशन झालं. दोन महिने अंथरूण सोडायचं नाही, असं सांगून दवाखान्यानं अक्काला घरी पाठवलं. धाकटी आपली एक बॅग घेऊन आली. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीशी अक्काची खाट लावली. तिथून मागचं अंगण दिसत नव्हतं, आणि दिसलं असतं तरी अक्काच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा होता. हाड जुळेपर्यंत डोळ्यांचं लांबणीवर टाकलं होतं.

"तू आलीस म्हणून मी निजते," पहिल्याच दिवशी अक्का म्हणाली. "नाहीतर मन खुराड्यात असतं. आणि ऐक, एक नवी आहे. मी पडायच्या आधी चार दिवस आणली. पांढरी. शेडमध्ये टोपलीखाली वेगळी ठेवलीय."

अक्काचा नियम कडक होता. नवी कोंबडी तीन आठवडे पाहुणी. तिचं पाणी वेगळं, दाणे वेगळे, तिच्याकडे जाऊन आलं की हात धुवायचे. आणि रोज दिवेलागणीला तिच्याजवळ उभं राहून ऐकायचं. श्वास स्वच्छ निघाला तरच ती घरची.

"मला कुठं कधी ऐकू आलंय," अक्का हसली. "मी आपली त्यांना छातीशी धरून बघायची. आता तू आहेस. आईचं मशीन."

धाकटीनं त्याच वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण अक्कानं डोळे मिटून घेतले होते, आणि दुखण्यानं आखडलेला तिचा चेहरा इतका सैल झाला होता, की धाकटीनं नुसती चादर नीट केली.

मग रोज संध्याकाळी ती शेडमध्ये जायची. टोपलीपाशी वाकून उभी राहायची. श्वास रोखायची, डोळे मिटायची. सगळं शांत असायचं. तिच्यासाठी आता सगळं जगच शांत होतं. चूल शांत, नळ शांत, पाहुणीही शांत. एवढं मात्र तिनं पाहिलं होतं की पाहुणी अधूनमधून मान झटकते, कोणी काही विचारल्यावर नाही-नाही म्हणावं तशी. नवी जागा, बुजली असेल, असं तिनं मनाला सांगितलं. मग ती कपाटापाशी जायची, तिथंही तशीच उभी राहायची, आणि आत येऊन अक्काला सांगायची.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"पाहुणी?"

"स्वच्छ आहे."

"बघ, तुझ्या कानांचं मला किती बरं वाटतं."

घरात चुकामूक व्हायचीच. एकदा अक्कानं चष्मा मागितला आणि धाकटीनं चमचा आणून दिला. अक्कानं तो चाचपला. "यानं वर्तमानपत्र वाचू की ढवळू?"

"औषध घ्यायचं राहिलंय तुझं. आधी ते," धाकटी म्हणाली. औषधाची वेळ खरंच झाली होती, आणि ती वाचली.

"तुझं लक्ष कुठं असतं गं हल्ली? कुणाच्या प्रेमात पडलीस की काय? मिशीवाल्याच्या?"

मिशीवाला म्हणजे पलीकडच्या घरातला, कबुतरं पाळणारा निवृत्त बस ड्रायव्हर. वीस वर्षांचा शेजार. अक्काची औषधं तो आणायचा, भुशाची पोती तो उचलून ठेवायचा, आणि भिंतीवरून दोघांची रोज जुंपायची. तो म्हणायचा, अक्कांच्या कोंबड्या बसच्या टपावर अंडी घालतील इतक्या उंडग्या. अक्का म्हणायची, मिशी आधी भिंतीच्या आत घ्या. एवढंच की त्या मिशीमुळं त्याचे ओठ दिसायचे नाहीत. धाकटीला तो बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते नाही.

एकविसावी संध्याकाळ झाली. "सोड तिला," अक्का म्हणाली. धाकटीनं पांढरीला काखेत घेतलं आणि कपाटातल्या दांडीवर भुरीच्या शेजारी बसवलं. भुरी सगळ्यांत म्हातारी, अक्काच्या मांडीवर वाढलेली. ती थोडी सरकली आणि पाहुणीला तिनं जागा दिली.

त्यानंतर पाचव्या-सहाव्या दिवशीची गोष्ट. सकाळचं ऊन पडलं होतं, वारा होता, धाकटी पाण्याची भांडी घासत होती. भिंतीवर मिशी उगवली. ड्रायव्हर साहेबाकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. तिच्यापर्यंत जे पोचलं ते असं: "ताई, कोंबड्याचा … बसलाय."

साहेब खरोखरच बसला होता, भिंतीच्या कडेला, पिसं फुगवून.

"बसू दे हो," धाकटी हसून म्हणाली. "साहेबच तो. ऊन खातोय."

ड्रायव्हर क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्यालाही हसू आलं, आणि हात हलवून तो गेला. बाई विनोद करतेय म्हणजे तिला ठाऊक आहे, तिचं लक्ष आहे, असं तो समजला. तो म्हणाला होता, "कोंबड्याचा आवाज बसलाय."

आणखी चार दिवस गेले. चार संध्याकाळी धाकटी कपाटापाशी उभी राहिली आणि आत येऊन "सगळ्या छान" म्हणाली.

पाचव्या सकाळी दार उघडलं तर ठिपकी बाहेर आली नाही. ती खालच्या फळीवर तोंड भिंतीकडे करून उभी होती. एक डोळा फेसानं भरलेला, गाल सुजलेला, चोच उघडी. प्रत्येक श्वासाला मान लांब करत होती, जणू श्वास उंच फडताळावर ठेवलाय आणि तिला पोचत नाही. मागं चिंधी तशीच. काजळीच्या नाकाला वाळलेला चिकट थर. पाहुणी मात्र ठणठणीत, अंगणात दाणे टिपत होती.

जनावरांची डॉक्टर स्कूटरवरून आली. तरुण, चटपटीत. हातमोजे चढवले, तोंडाला मास्क बांधला, आणि तिथंच धाकटीचं सगळं संपलं. मास्कवरचे दोन डोळे बोलत होते, आणि डोळ्यांना ओठ नसतात.

"लिहून द्याल का सगळं?" धाकटी म्हणाली. "माझ्या बहिणीला वाचून दाखवायला लागतं."

डॉक्टरनं मान हलवली. मग भुरीला उचललं, तिची छाती धाकटीच्या कानाशी नेली आणि भुवया उंचावल्या. ऐका म्हणत असणार. धाकटीनं कान लावला. काही नाही. पण भुरी घसरू नये म्हणून तिनं खालून हात लावला, आणि तळहाताला कळलं. आत काहीतरी खरखरत होतं, थरथरत होतं, ओल्या वाळूवरून पावलं फरफटत जावीत तसं. एवढंच करायचं होतं. रोज संध्याकाळी एकेकीच्या छातीखाली हात धरायचा होता. अक्का तेच करायची की. सांगितलंही होतं तिनं. पण हात लावून बघणं म्हणजे कानांवर भरवसा नाही हे कबूल करणं, म्हणून धाकटी दांडीपासून हातभर लांब, मान ताठ करून उभी राहायची.

डॉक्टर आत येऊन अक्काच्या खाटेपाशी बसली तेव्हा तिनं मास्क खाली घेतला.

"श्वासाचा संसर्ग आहे. एकीकडून दुसरीकडे जातो, पाण्यातून, शिंकण्यातून. नवीन कोंबडी आणली होती का?"

"आणली," अक्का म्हणाली. "पण तीन आठवडे वेगळी होती. रोज ऐकलीय. एकवीस दिवसांत एकदाही आवाज नाही."

"कोणी ऐकली?"

"हिनं. हिचे कान म्हणजे, डॉक्टर, भिंतीपलीकडं मुंगी चालली तरी हिला कळेल."

डॉक्टरनं धाकटीकडे पाहिलं. "मावशी, नक्की? नवी कोंबडी आजार घेऊन फिरणारी असली तर वरून बरी दिसते. पण रात्रीच्या निवांतपणी थोडी टिकटिक तरी येतेच."

"स्वच्छ होती," धाकटी म्हणाली.

"मग कुठून आलं कोण जाणे. आणि ही घरघर किती दिवसांची?"

"आजचीच," अक्कानंच सांगून टाकलं. "काल संध्याकाळपर्यंत सगळ्या छान होत्या."

"आजची वाटत नाही हो," डॉक्टर हळूच म्हणाली. "आठ-दहा दिवस आधी कळलं असतं तर बऱ्याच जणी वाचल्या असत्या. आता औषध देऊ, बघू."

औषध पाण्यात घालायचं होतं. धाकटीनं कागद भिंतीला चिकटवला आणि त्यावरचं अक्षरन् अक्षर पाळलं. आजारी वेगळ्या केल्या, भुसा बदलला, कपाटाच्या वरच्या फळीला हवेसाठी भोकं पाडली. कोमट पाण्यात कापूस भिजवून एकेकीचे डोळे पुसले, चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं. आणि आता दर संध्याकाळी ती हात लावायची. तळहात छातीखाली धरून एकेकीपाशी थांबायची. आयुष्यात इतकं नीट तिनं कधी ऐकलं नव्हतं.

ठिपकी दुसऱ्या दिवशी गेली. मग चिंधी. जाऊबाई आणि नणंदबाई एकाच दुपारी, दोन कोपऱ्यांत, एकमेकींकडे पाठ करून. पण जाताना जाऊबाईची मान नणंदबाईकडे वळलेली होती. काजळी पाण्याच्या भांड्यापाशीच. भिंतीलगत ड्रायव्हरनं खोल खड्डा खणून दिला. चुन्याची पिशवी आणून ठेवली, आणि घमेलं धुऊन परत गेला.

सहाव्या दिवशी अक्का म्हणाली, "भुरीला माझ्याकडे आण."

"डॉक्टर नको म्हणाल्यात इकडं तिकडं न्यायला."

"मी काय कोंबडी आहे? आण."

धाकटीनं भुरीला जुन्या टॉवेलात गुंडाळून आणलं. अक्कानं तिला पोटाशी घेतलं, रुंद बोटांनी मानेखालची पिसं मागं केली. खोली इतकी शांत होती, की जिला कधी काही ऐकू आलं नाही त्या अक्कालाही ऐकू आलं.

"अगं, ही केवढी घरघरतेय. खोलीभर. आणि सहा दिवसांत एवढं?" मग स्वतःच म्हणाली, "एका रात्रीतच चढलं असणार. नाहीतर तुझ्या कानांतून सुटतं थोडंच."

भुरीनं एकदा मान लांब केली, अक्काच्या मनगटावर ठेवली. पुढचा श्वास घेतलाच नाही. अक्काच्या डोळ्यांना ते दिसलं नाही. धाकटीच्या कानांना कळलं नाही. बाई गं, दोघींच्या मध्ये एक जीव गेला आणि दोघींनाही थोडा उशीरच झाला. अक्काची बोटं तोवर पिसांतून फिरतच होती.

त्याच संध्याकाळी ड्रायव्हर औषधाची दुसरी बाटली घेऊन आला. मोकळी मांडी बघून त्याला समजलं. टोपी काढून तो दाराशी उभा राहिला.

"वाईट झालं, अक्का. मी तेव्हाच ताईंना म्हणालो होतो."

"काय म्हणाला होतात?"

"की कोंबड्याचा आवाज बसलाय. पहाटे नुसता खरवडल्यासारखा आवाज काढायचा. आठ-दहा दिवस झाले असतील. ताई म्हणाल्या, बसू दे, साहेबच तो. मला वाटलं, यांना माहीत आहे."

अक्कानं मान धाकटीकडे वळवली. "कोंबड्याचा आवाज बसलाय, असं म्हणाले होते का हे?"

धाकटीच्या डोळ्यांपुढे ती सकाळ आली. मिशी, वारा, बोट, पिसं फुगवून बसलेला साहेब. आणि 'बसलाय'. आता तिला वाक्याचा पडलेला भाग सापडला.

"असं काही ऐकलं नाही मी," ती म्हणाली.

अक्षर न् अक्षर खरं होतं. असं खरं खोट्याहून वाईट.

"मग?" अक्काचा आवाज चढला. "जिनं तेहेतीस वर्षं तारेवरून माणसं ओळखली, तिनं भिंतीवरून तुमचं ऐकलं नाही होय? तुम्हाला माहीत होतं तर मला येऊन का नाही सांगितलं? आता माझ्या कोंबड्या मेल्यावर मागाहून शहाणपण सांगायला आलात. आणि तुमची ती कबुतरं. दिवसभर माझ्या अंगणात चरतात. कुणी आणला रोग?"

"अक्का, कबुतरं तर कधीची—"

"माझ्या बहिणीला खोटी पाडू नका."

ड्रायव्हरनं धाकटीकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण बस चालवणारा माणूस. आरशात मागच्या बाकावरचं भांडण बघायची त्याला सवय होती. तिच्या तोंडावर काय होतं ते त्यानं पाहिलं, आणि टोपी डोक्यावर चढवली.

"बरं. नसेन म्हणालो," तो सावकाश म्हणाला. "म्हणायचं मनात असेल, राहून गेलं असेल. वय झालं, अक्का, आमचंही." बाटली त्यानं स्टुलावर ठेवली. दार ओढून घेताना ते वाजणार नाही याची त्यानं काळजी घेतली. धाकटीला ती दिसली.

त्यानंतर भिंतीवर मिशी उगवली नाही. कबुतरंही दिसेनाशी झाली. त्यानं ती कोंडून ठेवली, का कोणाला देऊन टाकली, कळलं नाही. औषधं धाकटी स्वतः आणायला लागली. काउंटरवरचा माणूस काय बोलतोय ते न कळून दोनदा चुकीची आणली, आणि दोनदा परत गेली.

तांबडी सगळ्यांत शेवटी गेली. उरले साहेब आणि पाहुणी. साहेब बरा झाला. पहाटे मान वर करून चोच उघडायचा. त्यातून काय निघतं ते धाकटीला माहीत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

दोन महिने पुरे झाले आणि अक्का वॉकर धरून चालायला लागली. पहिल्या दिवशी दारापर्यंत. तिसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात. धाकटी मागं हात धरून. अक्का कपाटापाशी पोचली. दांड्यांवरून तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. कपाट कोरडं, झाडलेलं, रिकामं होतं. दांड्यांवर अजून नखांच्या खुणा होत्या, त्यांवर तिची बोटं अडखळत गेली.

"हे मोडून टाकायचं," ती म्हणाली. "जाळून टाक."

"का गं?"

"विचार केला मी पडल्या पडल्या. दुसरं होतं काय करायला? पाहुणी स्वच्छ होती. तू ऐकलंस. कबुतरांचं मी रागानं बोलले. ती काय आज येतात? वीस वर्षं येतायत. मग उरलं काय? हे कपाट. पडायच्या आधी महिनाभर मी नीट धुतलंच नव्हतं. दिसत नव्हतं मला. हातानं चाचपून म्हणायची, झालं स्वच्छ. लाकडात रोग मुरला असणार. माझ्या आळसानं. माझ्या आंधळेपणानं." अक्कानं वॉकरवरचे हात घट्ट केले. "कोणाला सांगितलं नाही मी, की इतकं दिसत नाही. वाटलं, कोंबड्या काढून घेतील माझ्याकडून. आणि बघ. माझ्याच हातानं गेल्या सगळ्या. भुरीसुद्धा."

अक्का रडत होती. धाकटीनं तिला रडताना नवरा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. आवाज नव्हता, निदान धाकटीपर्यंत पोचत नव्हता. रुंद खांदे तेवढे हलत होते, आणि वॉकरचा एक पाय फरशीवर थरथरत होता.

धाकटी वळून तिच्या समोर आली. अक्काला तोंड नीट दिसणार नाही हे आता तिला कळलं होतं, म्हणून तिनं अक्काचा हात वॉकरवरून सोडवला आणि आपल्या गालावर ठेवला.

"कपाट नको जाळूस," ती म्हणाली. "अक्का, मला ऐकू येत नाही."

"काय?"

"वर्ष झालं. जास्तच. चिमण्या येत नाहीत, कुकर येत नाही. तुझा तेवढा येतो, जाड आहे म्हणून. मी पाहुणीजवळ नुसती उभी राहत होते. एकवीस दिवस. काहीच ऐकलं नाही आणि तुला येऊन स्वच्छ म्हणाले. ती मान झटकत होती, ते बघितलं आणि सोडून दिलं. तिला आत सोडली ती मी. ते मला म्हणाले होते, कोंबड्याचा आवाज बसलाय. मला नुसतं 'बसलाय' ऐकू आलं. ते खरं बोलत होते, आणि माझ्यासाठी ते तुझ्यापुढं खोटे झाले, आणि मी होऊ दिलं."

अक्काचा हात तिच्या गालावरच होता, पण हलत नव्हता.

"तुझा हात नाही लागला कशाला," धाकटी म्हणाली. "माझे कान गेलेत, अक्का. मी सांगितलं नाही."